सहज ‘नाही’ म्हणता येईल अशी वर्गणी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कामगाराची पगाराची स्लिप पाहिली, तर कपातीचा रकाना चांगलाच लांब भरतो. प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, व्यवसाय कर, जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधी, आणि बहुतेकांच्या स्लिपवर पगारदारांच्या पतसंस्थेचा हप्ता. सभासदाने तसा करार करून दिला असेल, तर हा हप्ता पगारातून कापून पतसंस्थेत भरणे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 ने मालकावर बंधनकारकच केले आहे. पैसे हातात पडण्याआधी वळते करण्याची सवय कोल्हापूरच्या नोकरदाराला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. प्रश्न असा, की याच सवयीचा उपयोग शहरातल्या सेवाभावी संस्थांसाठी करावा का? कारखान्याने, बँकेने, कॉलेजने किंवा कचेरीने आपल्या माणसांना एकत्र करून, दरमहा थोडी थोडी रक्कम गावातल्याच एखाद्या संस्थेला द्यावी, अशी मोहीम चालवावी का? माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र ज्या अटींवर मी होय म्हणते, त्या मान्य केल्या तर आज चालणाऱ्या बऱ्याच मोहिमा आहे त्या रूपात बंद कराव्या लागतील.

हे म्हणणे दोन आवाजांत मांडते. एक माझा, दुसरा आप्पांचा. आप्पा हे कुणा एका माणसाचे नाव नव्हे. फौंड्रीत उमेदीची वर्षे घातलेला, युनियनच्या कमिटीवर बसलेला, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंदावर उभे राहून प्रश्न विचारणारा कामगार या विषयावर काय बोलेल, हे डोळ्यांपुढे ठेवून त्यांना बोलते केले आहे. आक्षेप आधी पातळ करायचे आणि मग त्यांना उत्तरे द्यायची, हे सोपे असते. इथे तसे केलेले नाही.

आप्पा : “बघा ताई, ‘ऐच्छिक’ हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. सुपरवायझर यादी घेऊन मशीनपाशी येतो. वरच्या तिघांच्या नावापुढं पाचशे-पाचशे आधीच लिहिलेले असतात. खाली तुमचं नाव, रकाना मोकळा, आणि मागं चौघं बघत उभे. ओव्हरटाइम कुणाला द्यायचा, रजा कुणाची मंजूर करायची, हे त्याच माणसाच्या हातात. सांगा, ‘नाही’ कसं म्हणायचं? सरकारी कचेऱ्यांतसुद्धा सात डिसेंबरचा ध्वजदिन आला की जिल्ह्याला इष्टांक ठरतो, तो खात्यांना वाटला जातो. सैनिकांसाठी द्यायला आमची ना नाही, सैनिक टाकळी आमच्याच शिरोळ तालुक्यात आहे. पण इष्टांक आला की वर्गणीची वसुली होते. उसाचं तेच. 2025 च्या हंगामाआधी टनाला पंधरा रुपये घ्यायचं ठरलं, दहा मुख्यमंत्री निधीला आणि पाच पूरग्रस्तांना. शेतकरी संघटना उठल्या, मग हे पैसे कारखान्याच्या नफ्यातून घेणार असा खुलासा आला. का उठल्या? पूरग्रस्तांचं दुःख कळत नव्हतं म्हणून? न विचारता दुसऱ्याच्या घामातून पुण्य करायला निघाले होते म्हणून.”

मी : आप्पा, या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही, उलट तुमच्या बाजूचे आणखी दोन पुरावे देते. ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला. राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना एका महिन्याचा पगार मदतीसाठी द्यायला सांगितले आणि सोबत अट घातली, की ज्याला द्यायचे नाही त्याने तसे लेखी कळवावे. म्हणजे गप्प बसेल तो दाता धरायचा, आणि न देणाऱ्यांची मात्र सह्यांनिशी यादी तयार होणार. केरळ उच्च न्यायालयाने या लेखी नकाराच्या अटीला स्थगिती दिली, आणि 29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हात घालायला नकार दिला. पूर खरा होता, गरज खरी होती, तरी न देणाऱ्याला स्वतःकडे बोट दाखवायला लावणे न्यायालयात टिकले नाही. दुसरा पुरावा शिकागोच्या उपनगरांतला. डेलाविन्या, लिस्ट आणि माल्मेंडियर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी घरोघर जाऊन देणगी मागण्याचा प्रयोग केला आणि 2012 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही घरांच्या दारावर आदल्या दिवशी सूचना लावली, की उद्या अमुक वेळी देणगी मागायला माणूस येईल. नको असेल तर या चौकटीत खूण करा. एवढी एक चौकट दिल्याबरोबर जमणारी देणगी 28 ते 42 टक्क्यांनी घटली, आणि ही घट मुख्यतः दहा डॉलरच्या आतल्या छोट्या देणग्यांत होती. याचा अर्थ उघड आहे. त्या छोट्या देणग्यांतला मोठा भाग दारात उभ्या असलेल्या माणसाला नकार द्यायच्या संकोचातून येत होता. घराला निदान दार तरी असते. कारखान्यात मागणारा आणि पगारवाढीची शिफारस करणारा माणूस एकच असतो, तेव्हा तिथला संकोच किती मोठा असेल याचा हिशेब वेगळा मांडायला नको.

कायद्यानेही ही शंका फार पूर्वी ओळखली होती. वेतन प्रदान अधिनियम, 1936 ने पगारातून काय काय कापता येईल याची यादीच घालून दिली. देणगीसाठीची कपात त्यात होती, पण ती पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी किंवा केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या निधीसाठी, आणि तीही कामगाराच्या लेखी संमतीने. मालकाच्या मनाला आले म्हणून गावातल्या संस्थेच्या नावाने पगार कापावा, अशी मोकळीक त्या यादीत नव्हती. म्हणून माझी पहिली अट अशी, की स्थानिक संस्थेसाठीची रक्कम पगाराच्या स्लिपवर येताच कामा नये. पगार पूर्ण खात्यात जमा व्हावा. नंतर कामगाराने आपल्या बँकेला दरमहाची सूचना द्यावी किंवा मोबाइलवर यूपीआय ऑटोपे लावावे, आणि पैसे त्याच्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात जावेत. कुणी किती दिले, कुणी दिले नाही, कुणी गेल्या महिन्यात बंद केले, हे पगार विभागाला, सुपरवायझरला आणि युनियनलासुद्धा कळू नये. कामाच्या ठिकाणी माहिती द्यावी, संस्थेला बोलवावे, प्रश्न विचारावेत. पैशाचा व्यवहार मात्र कामगार आणि संस्था यांच्यातच राहावा.

आप्पा : “मग झालंच की. एवढं मान्य करता, तर मोहीम तरी कशाला? ज्याला द्यायचं तो पत्ता काढून देईल. कोल्हापूरचा माणूस हात आखडणारा नव्हे. 2019 चा पूर आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. हायवे बंद. शिरोळ तालुका पाण्यात. त्या दिवसांत तालमींची पोरं, मंडळं, वाड्यावस्त्या, सगळ्यांनी भाकरी बडवून पाठवल्या. कुणी फॉर्म भरून घेतला होता काय?”

मी : नव्हता, आणि त्या दिवसांत या शहराने जे केले त्याचे मोल कमी करण्याचा माझा विचार नाही. पण पूर हाच माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. 2005, 2019, 2021, प्रत्येक पुरात मदतीची लाट आली आणि पाणी ओसरल्यावर तीही ओसरली. 2019 मध्ये तर बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांचे काय करायचे हाच एक प्रश्न होऊन बसला होता. डोळ्यांपुढे संकट असले की माणूस देतो. ज्या संस्थांच्या दारी संकट रोजचेच आहे, त्यांच्याकडे लक्ष जावे असे वेगळे काही घडत नाही. बालकल्याण संकुलात निराधार मुले राहतात. त्यांना जून महिन्यात जशी भूक लागते तशीच ती नोव्हेंबरातही लागते. ‘चेतना’मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवले जाते, एका मुलाला स्वतःच्या हाताने जेवायला किंवा शर्टाची बटणे लावायला शिकवण्यात प्रशिक्षित शिक्षिकेचे महिनेच्या महिने जातात, आणि त्या प्रत्येक महिन्यात तिचा पगार द्यावा लागतो. ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था 1984 साली नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. तिच्या उचगावच्या ‘घरौंदा’ वसतिगृहात चाकाच्या खुर्चीवरची मुले राहतात. वसतिगृह म्हटले की किराणा, गॅस, वीजबिल, औषधे, शाळेच्या बसचे डिझेल, मदतनिसांचे पगार. यांतल्या एकाही गोष्टीचा फोटो चांगला येत नाही. वाढदिवसाला लोक मुलांना जेवण देतात, दिवाळीला फराळ येतो, एखादा दाता वडिलांच्या नावाने खोली बांधून देतो. मात्र बांधलेल्या खोलीचे वीजबिल भरणारा दाता मिळणे किती कठीण असते, ते संस्थेच्या हिशेबनिसालाच विचारावे.

अशा खर्चाला लागतो तो नियमित, छोटा आणि अट न घातलेला पैसा. तो कुठून येतो, याचे उत्तर आपल्या भागाने शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील 1887 साली कुंभोजला जन्मले, म्हणजे आपल्याच हातकणंगले तालुक्यात. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दुधगावच्या विद्यार्थी आश्रमासाठी मुष्टिफंड जमवला गेला, तो त्यांच्या कार्याचा आरंभकाळ. घरातल्या बाईने दळणाला बसण्याआधी मूठभर धान्य वेगळे काढून ठेवायचे आणि ते मुलांच्या वसतिगृहासाठी गोळा व्हायचे. 1919 साली काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली, तिच्यामागे या अनुभवाची शिदोरी होती. मुष्टिफंडात तीन गोष्टी होत्या. देणे घरच्या बेताने होते, त्यामुळे गरिबालाही देता येत होते. ते ठरलेल्या वेळी होते, त्यामुळे वसतिगृहाला पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधता येत होता. आणि ते एकट्यादुकट्याचे नव्हते. सगळी आळी देत होती, म्हणून एका घराने एखाद्या आठवड्यात दिले नाही तरी मुले उपाशी राहत नव्हती. ही तिसरी गोष्टच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आप्पा. एकटा दाता आजारी पडला, निवृत्त झाला, त्याची बदली झाली, की देणगी थांबते. दोनशे माणसांच्या कारखान्यात समजा प्रत्येकाने महिन्याला पन्नास रुपये दिले, तर दहा हजार होतात, वर्षाला एक लाख वीस हजार. त्यातल्या वीस जणांनी मध्येच बंद केले, तरी संस्थेला महिन्याला नऊ हजार मिळतात. नकार देणाऱ्याचा नकार कुणालाच जड जाऊ नये, यासाठी देणारे पुष्कळ असावे लागतात, आणि पुष्कळ माणसे एका जागी भेटतात ती कामाच्या ठिकाणी. सहज नाही म्हणता येण्याची सोय आणि संस्थेला मिळणारी शाश्वती या परस्परविरोधी गोष्टी वाटतात; प्रत्यक्षात पहिली असेल तरच दुसरी टिकते. संकोचाने दिलेला माणूस पुढच्या वर्षी यादी येताना दिसली की कँटीनकडे वळतो. समजून दिलेला माणूस बहुधा देत राहतो.

आप्पा : “पण कंपन्यांचे दोन टक्के कुठं जातात? कायदाच आहे की. त्यांनी द्यावं. आमचे पन्नास रुपये कशाला मोजता?”

मी : कंपनी कायदा, 2013 चे कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायची. आपला कारखाना ज्या परिसरात आहे त्याला प्राधान्य द्यावे, असेही त्या कलमात म्हटले आहे. ही चांगलीच गोष्ट आहे आणि कामगारांनी तो हिशेब कंपनीला विचारला पाहिजे. पण कोल्हापूरच्या फौंड्रीपट्ट्यातले कितीतरी उद्योग या मर्यादांच्या खाली आहेत, इचलकरंजीचे यंत्रमागधारक आणि हुपरीचे चांदी कारागीर तर फारच खाली. दुसरे म्हणजे, हा पैसा प्रकल्पाच्या रूपाने येतो. नियमांप्रमाणे चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, पण मूल संपत नाही. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा पस्तिशीचा होतो, आईवडील थकतात, आणि त्याची गरज उलट वाढते. परदेशी देणग्यांचेही तसेच. 2020 च्या दुरुस्तीने त्यातून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. म्हणजे मोठ्या पैशाला दैनंदिन कारभाराचे वावडे आहे, आणि दैनंदिन कारभार चालला नाही तर मोठ्या पैशाने घेतलेली यंत्रे धूळ खात पडतात. कामगाराचे पन्नास रुपये मी मोजते ते एवढ्यासाठी, की त्यांच्यामागे प्रकल्पाचे शेपूट नसते. एक गोष्ट मात्र इथेच पक्की करून घ्यायला हवी : कामगारांची देणगी कंपनीच्या दोन टक्क्यांच्या हिशेबात किंवा वार्षिक अहवालातल्या बढाईत मिसळता कामा नये. कंपनीने हवे तर कामगारांच्या रकमेइतकीच रक्कम आपली म्हणून वेगळी घालावी.

आप्पा : “ठीक. मग सरकार कशासाठी आहे? अपंगांची शाळा, अनाथांचा आश्रम, ही सरकारची कामं. आम्ही कर भरतो. पन्नास-पन्नास रुपयांनी तुम्ही सरकारला मोकळं करता. उद्या म्हणतील, लोक देतात की, अनुदान कशाला?”

मी : हा तुमचा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे, आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकेन असे नाही. कोल्हापुरात तर तो अधिकच बोचतो. इथे शाहू छत्रपतींनी 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली, त्यांना दरबारातून जागा आणि अनुदाने दिली, आणि 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. ज्या संस्थानाने हे सरकारचे कर्तव्य मानले, तिथल्या नागरिकाने आज कर्तव्याची जागा वर्गणीला देऊ नये. पण तुमच्याच स्लिपवरची एक ओळ पाहा : व्यवसाय कर, वर्षाला अडीच हजारांपर्यंत. हा कर 1975 च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. 1972 च्या दुष्काळात ज्या कामांना आकार आला, ज्यांच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता, त्यांना 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप दिले, आणि तो कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या पगारदाराचे महिन्याचे थोडे रुपये खेड्यातल्या भूमिहीनाच्या मजुरीला लागले, आणि पुढे 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचा अनुभव होता. तिथे दयेचा प्रश्न नव्हता, कायदा होता. म्हणून जिथे हक्क देता येतो तिथे हक्कच मागावा, वर्गणीवर भागवू नये, हे मला मान्य आहे. तरी हक्क मिळेपर्यंतच्या वर्षांत मुले वाढत असतात. अनुदान रखडले म्हणून वसतिगृहाला मुलांचे जेवण रखडवता येत नाही. आणि माझा अंदाज असा आहे, की ज्या कारखान्यातले दीडशे कामगार एखाद्या शाळेला दरमहा पैसे देतात, त्या शाळेचे अनुदान अडकले तर विचारणारे दीडशे जण तयार असतात. आज असे विचारणारे फक्त पालक असतात, आणि त्यांच्या पाठीशी कुणी नसते. देणारा माणूस त्या प्रश्नाचा जाणकार होतो. सरकार मोकळे सुटण्याचा धोका आहेच. तो टाळायचा तर देणगी आणि मागणी एकाच माणसाने केली पाहिजे.

आप्पा : “आणि संस्था कोण निवडणार? ‘स्थानिक’ म्हणजे शेवटी साहेबांच्या पाहुण्याचा ट्रस्ट. धनादेश देताना फोटो साहेबांचा, पैसा आमचा.”

मी : म्हणून निवड व्यवस्थापनाने करू नये, आणि एकट्या युनियननेही करू नये. कामगारांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली पाच-सात जणांची समिती असावी, तीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, आणि ती दर दोन वर्षांनी बदलावी. समितीने तीन-चार संस्था सुचवाव्यात आणि ज्याने त्याने आपल्याला वाटेल ती घ्यावी, कुठलीच नाही असेही ठरवावे. स्थानिक संस्थेचा खरा फायदा इथे आहे. गडचिरोलीची गरज कोल्हापूरपेक्षा मोठी असेल, ते मी नाकारत नाही, आणि तिकडे देणाऱ्याला कुणी अडवू नये. पण उचगावच्या ‘घरौंदा’ला किंवा शेंडा पार्कमधल्या ‘चेतना’ला सुट्टीच्या दिवशी दुचाकीवर जाऊन पाहता येते, मुले जेवतात ती भाजी चाखता येते, वहिनींना आणि पोरांनाही नेता येते. पारदर्शकता म्हणून आपण जे मागतो, ते कागदावर मिळते त्यापेक्षा डोळ्यांनी जास्त मिळते. तरी कागद पाहिलेच पाहिजेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, आणि विश्वस्तांची नावे तिथल्या परिशिष्ट एकमध्ये असतात. त्या यादीत आपल्या व्यवस्थापनातले, युनियनच्या पदाधिकाऱ्यांतले किंवा त्यांच्या घरातले कुणी असेल, तर ती संस्था कितीही चांगली असली तरी या मोहिमेतून वगळावी. समितीने पैसा स्वतःकडे कधीही जमवू नये. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करणाऱ्याला त्याच अधिनियमाचे कलम 41क लागते. गणेशोत्सवात आपली मंडळे त्याखालीच परवानगी काढतात. इथे त्या भानगडीत पडायचे कारणच नाही, कारण पैसा देणाऱ्याकडून सरळ संस्थेकडे जातो, पावती देणाऱ्याच्या नावाने निघते, आणि फोटो काढण्यासारखा धनादेशच उरत नाही.

करसवलतीचे आमिष या मोहिमेत कुणी दाखवू नये, एवढे जाता जाता सांगते. देणगीवरची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते; 2023-24 पासून मूळ पर्याय ठरलेल्या नव्या प्रणालीत ती नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला तर ती जुन्या प्रणालीतही नाही. बहुतेक कामगारांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

आप्पा : “आणि कंत्राटी पोरं? त्यांना आमच्या निम्मासुद्धा पगार नाही.”

मी : त्यांच्याकडे मागूच नये. त्यांच्यासमोरही मागू नये. आणि ज्या कारखान्यात कंत्राटी कामगारांचे किमान वेतन थकलेले आहे, प्रॉव्हिडंट फंड भरलेला नाही, तिथे अशी मोहीम काढण्याचा नैतिक अधिकार व्यवस्थापनाला नाही, असे मी स्पष्टच म्हणते. आधी आपल्या छपराखालचे देणे फेडावे. कायम कामगारांनी स्वतःहून एकत्र येऊन द्यायचे ठरवले, तर ती गोष्ट वेगळी.

आप्पांचे सगळे समाधान झाले असे मी लिहिणार नाही. सरकारच्या जबाबदारीबद्दलची त्यांची शंका उरते आणि ती उरलेलीच बरी. ती जागी असेल तोवर ही मोहीम अनुदानाचा पर्याय होणार नाही. पण मोहीम नकोच, हा त्यांचा पहिला निष्कर्ष त्यांच्याच पुराव्यांनी टिकत नाही. त्यांनी दाखवले ते दोष यादीचे आहेत, इष्टांकाचे आहेत, मागणाऱ्याच्या हुद्द्याचे आहेत. ते काढून टाकले की खाली जे उरते ते मुष्टिफंडाइतके जुने आणि आपल्या ओळखीचे आहे.

कोल्हापूरच्या कारखान्यांतल्या, बँकांतल्या, शाळा-कॉलेजांतल्या आणि कचेऱ्यांतल्या वाचकांना म्हणून एवढीच विनंती आहे. पुढची वर्गणीची यादी तुमच्या टेबलावर येईल तेव्हा ती पुढे सरकवू नका. तिच्याऐवजी एक साधा कागद तयार करा : संस्थेचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक, बँक खाते, भेटीची वेळ, आणि दरमहाची सूचना कशी सुरू करायची याच्या चार ओळी. त्यावर देणाऱ्याच्या नावाला किंवा सहीला जागा ठेवू नका. आणि सूचना बंद कशी करायची, ते त्याच कागदावर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत लिहा.